लॉकडाऊनमध्ये लहान मुलं असलेल्या सगळ्याच घरांना सारखीच झळ बसली का?

नाही. आमच्या यवतमाळकडच्या गावात एकाच गल्लीत तऱ्हा वेगळ्या होत्या. मास्तरांचा पगार चालू. त्यांचा ताप एवढाच, की लेकरू दिवसभर घरात. कास्तकाराच्या घरी कापूस पडून, कारण मार्च २०२० च्या अखेरीस खरेदी थांबली. पण विकायला काहीतरी होतं तरी! मजुराच्या घरी तेही नाही.

अंगणवाडी बंद झाली तसं ३ ते ६ वर्षांच्या पोरांचं तिथलं गरम जेवण गेलं. बदल्यात कोरडा शिधा घरी यायचा, तो अख्ख्या घराच्या डब्यात जायचा.

एप्रिलपासून केंद्राचं माणशी ५ किलो मोफत धान्य आलं, जनधन खातं असलेल्या बायांना ३ महिने ५०० रुपये. मदत झालीच, नाही कशाला म्हणू? पण ‘माणशी’ म्हणजे रेशनकार्डावर नाव असलेलं माणूस. शेजारच्या वहिनींच्या दीड वर्षाच्या पोराचं नाव चढवायचं राहिलं होतं आणि तहसील बंद. त्याचे ५ किलो कुठून येणार? वहिनी भातात वरणाचं पाणी कालवून त्याला भरवायच्या. दूध चहापुरतं, तेही उधारीचं.