सदाफुलीची पानं चावून कॅन्सर जातो का?

प्रश्न: मॅडम, माझ्या आत्याची केमो सुरू आहे. शेजारच्या काकू म्हणतात रोज उपाशीपोटी सदाफुलीची चार पानं चावायला द्या, कॅन्सरचं औषध त्यातूनच बनते म्हणे. अंगणात झाडच झाड आहेत, देऊ का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: काकूंचं अर्धं बरोबर आहे बरं का, आणि घोळ तिथंच होतो. सदाफुलीतून विनक्रिस्टिन नावाचं कॅन्सरचं औषध मिळतं, ते 1963 पासून वापरात आहे, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये आजही देतात. पेशीचे दोन भाग होताना आत बारीक नळ्यांसारखे धागे तयार होतात, ते गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतात, हे औषध ते धागे जुळूच देत नाही, मग पेशी मधेच अडकते आणि मरते. गंमत म्हणजे यू नावाच्या झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल हे कॅन्सरचंच औषध उलटं करतं, धागे इतके घट्ट करतं की सुटतच नाहीत, शेवट तोच.

पण पानात हे द्रव्य अगदीच थोडं, सोबत बाकी कितीतरी अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करणारी झाडातली रसायनं, कोणत्या पानात किती ते कोण मोजणार? विनक्रिस्टिन मिलिग्रॅममध्ये मोजून फक्त शिरेतून देतात, तरी हातापायाला मुंग्या येतात. हळदीचंही तसंच, लॅबच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात पण पोटातून हळदीतलं करक्युमिन हे द्रव्य रक्तात फारसं जातच नाही. भाजीत टाका, तेवढं ठीक.

पानं देऊ नका. आधीच दिली असतील तर आत्याच्या डॉक्टरांना सांगा, ओरडले तर ओरडले.