पद्मिनी घेतलीस? आधी पत्रा बघ

मित्रा, जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घेतलीस ना, मग रुंद टायर, डबल कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) हे सगळं नंतर. आधी मॅटिंग उचल आणि खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. गाडी मुंबई-कोकणात फिरलेली असेल तर दाराखालचा पट्टा बहुतेक आतून गंजलेला असतो. वरून पुट्टी मारलेली असली तर तिथे लोहचुंबक धरत नाही. माझ्या पहिल्या पद्मिनीत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला होता!

१०८९ सीसीच्या इंजिनाची ताकद वाढवण्याआधी ब्रेक नीट करून घे, चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेकच आहेत. इंजिनच बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी. आणि कळकळीने सांगतो, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा काढून खाली फ्लोअरवर आणू नकोस. त्या गाडीची मजा तिथेच आहे. खोलताना प्रत्येक नटाचा फोटो काढ.