क्रूझवरच्या शेजाऱ्यांचा त्रास : कूपन राहू द्या, आधी तारीख बघा

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण (मी, पत्नी, आई आणि दोन मुलं) मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या तीन रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. शेजारच्या दोन केबिनमध्ये एक मोठा ग्रुप होता. बाल्कनीत सिगारेटी, पहाटे तीनपर्यंत स्पीकर, कॉरिडॉरमध्ये आरडाओरडा. आईला दमा आहे, तिला बाल्कनीचं दार उघडताच येईना. रिसेप्शनला तीनदा फोन केला, दर वेळी ‘बघतो सर’ एवढंच उत्तर. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाने डेकवर फोडलेल्या बाटलीची काच माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पायात घुसली. डेकवरच्या खुर्च्या टॉवेल टाकून अडवणं, बुफेच्या रांगेत घुसणं वेगळंच. सहलीचे २,१२,००० रुपये आम्ही एजंटमार्फत भरले होते. कंपनी आता म्हणते की सहप्रवाशांच्या वागण्याला ती जबाबदार नाही, शिवाय आम्ही १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही. पुढच्या सहलीसाठी निम्म्या दराचं कूपन देऊ करते. आम्हाला २५ लाखांची भरपाई मागता येईल का? त्या लोकांवर काय कारवाई करता येईल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही जोडलेली तिकिटं पाहिली. जहाज मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्याला परत लागलं, त्या तारखेपासून तक्रारीची दोन वर्षांची मुदत पुरी व्हायला आता सहा आठवडेसुद्धा उरलेले नाहीत. तुमच्या प्रकरणाचा निकाल या एका गोष्टीवर लागणार आहे. किती मागायचे, कूपन घ्यायचं की नाही, त्या टोळक्याला धडा कसा शिकवायचा, हे सगळं त्याच्या नंतर.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. मुदत टळली असेल, तर समोरच्याने हरकत घेतली नाही तरी आयोगाने स्वतःहून ती तपासायची असते. विलंब माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘कंपनीशी मेल चालू होते, म्हणून थांबलो’ हे सबळ कारण नाही. विम्याच्या, बिल्डरच्या, टूर कंपन्यांच्या तक्रारी घेऊन येणारे वाचक हेच वाक्य लिहितात आणि दर वेळी मला तेच उत्तर द्यावं लागतं : पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. समोरचा ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असं वर्षभर कळवत राहील. त्याचं काही बिघडत नाही. दिवस तुमचे जातात.

काही वकील सांगतील की कंपनीने नकार कळवला त्या दिवसापासून दोन वर्षं मोजा, म्हणजे आणखी काही महिने मिळतील. असा युक्तिवाद करता येतो, पण तो तक्रार उशिरा झालेल्याने करायचा. ज्याच्या हातात अजून दिवस आहेत त्याने त्याच्या भरवशावर राहू नये. मुलगा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असल्यामुळे त्याच्यापुरता मुदतीचा हिशेब वेगळा मांडता येईल, असंही कोणी सुचवेल. त्यातही पडू नका. तुम्ही त्याचे पालनकर्ता म्हणून याच तक्रारीत त्याचं नाव घाला.

आता १५ दिवसांच्या अटीबद्दल. तुम्ही ती वाचून हबकलात आणि गप्प बसलात, हे मला खटकलं. भारतीय करार कायद्याच्या कलम २८ मध्ये १९९७ साली दुरुस्ती झाली. ठरावीक मुदत उलटली की हक्कच संपेल किंवा समोरच्याची जबाबदारीच संपेल, अशी करारातली अट तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते. कंपनी म्हणेल की ही अट हक्क संपवणारी नाही, फक्त कळवण्याची आहे. आयोग ते कितपत मानेल हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. मात्र कायद्याने दिलेली दोन वर्षं कंपनी आपल्या छापील कागदावर १५ दिवसांवर आणू शकत नाही, ही बाजू तुमच्याकडे भक्कम आहे.

एक सावधगिरी बाळगा. ‘ही अट अनुचित करार म्हणून रद्द करा’ अशी मागणी जिल्हा आयोगापुढे करू नका. अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिलेला आहे. जिल्हा आयोगात फक्त एवढंच म्हणा की ही अट आम्हाला बंधनकारक नाही. एका वाक्याच्या चुकीने अधिकारक्षेत्राचा वाद उभा राहतो आणि वर्ष जातं.

‘सहप्रवाशांच्या वागण्याला आम्ही जबाबदार नाही’ हे कलम मात्र नीट समजून घ्या, कारण कंपनीचं सगळं उत्तर त्यावर उभं राहील. शेजारी वाईट निघाले एवढ्यासाठी कंपनीला दोषी धरता येत नाही, हे खरंच आहे. पण त्याच अटींच्या पुढच्या पानावर, तुम्ही पाठवलेल्या प्रतीत, लिहिलंय की बाल्कनीत धूम्रपानाला मनाई आहे, रात्री ठरावीक वेळेनंतर केबिनच्या भागात शांतता पाळायची आहे आणि इतरांना उपद्रव देणाऱ्याला केबिनमध्ये थांबवून ठेवायचा किंवा पुढच्या बंदरावर उतरवायचा अधिकार कॅप्टनला आहे. म्हणजे आवर घालण्याची सत्ता कंपनीने स्वतःकडे ठेवली होती. तुमच्याकडे ती सत्ता कुठे होती? मध्यरात्री शेजारचं दार ठोठावून भांडायचं, एवढंच तुमच्या हातात होतं. त्रास कंपनीच्या कानावर गेला आणि तरी तिने काही केलं नाही, हे दाखवलंत की ती ‘सेवेतील त्रुटी’ होते. कायद्याच्या व्याख्येत निष्काळजीपणा आणि करायचं ते न करणं, दोन्ही बसतात.

तेव्हा तुम्हाला सिद्ध करायचं आहे ते कंपनीला माहीत होतं हे. आणि नेमकं इथे तुम्ही हात रिकामे ठेवलेत. तीन फोन केलेत, पण एकाचाही कागद नाही. जहाजावरच्या गेस्ट सर्व्हिस काउंटरवर जाऊन दोन ओळी लिहून दिल्या असत्या, पोच मागितली असती किंवा जहाजाच्या वायफायवरून कंपनीच्या पत्त्यावर एक मेल टाकला असता, तर आज हे पत्र निम्म्यावर संपलं असतं. घरी आल्यावरही पहिला मेल चार महिन्यांनी. तोवर सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलं असणार. कोणत्याही जहाजावर ते कायम साठवून ठेवत नाहीत.

तरी प्रकरण गेलं असं मला वाटत नाही. त्याचं कारण तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मुलाच्या पायाला जहाजावरच्या डॉक्टरने तीन टाके घातले आणि ते पैसे केबिनच्या खात्यात लावले. तुम्ही त्याचा उल्लेख ‘वर आमच्याकडूनच पैसे घेतले’ या तक्रारीसाठी केला आहे. मला त्या बिलात वेगळी गोष्ट दिसते. त्यावर जहाजाचं नाव आहे, तारीख आणि वेळ आहे आणि उपचाराच्या ओळीत काचेने झालेल्या जखमेची नोंद आहे. म्हणजे डेकवर काच फुटली आणि त्यात एक मूल जखमी झालं, हे कंपनीच्याच माणसाने कंपनीच्याच कागदावर त्याच दिवशी लिहून ठेवलंय. आणि बिलावरच्या वेळेनंतरची रात्र? त्या रात्री पावणेदोनला तुमच्या पत्नीने बहिणीला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज तुम्ही जोडला आहे : ‘अजून गोंधळ चालूच. रिसेप्शनला परत फोन केला. आई उठून बसल्यात.’ दोन्ही कागद शेजारी ठेवा. जखम दुपारची, मेसेज त्यानंतरच्या रात्रीचा. त्या ग्रुपमुळे एक मूल जखमी झाल्यावरही जहाजावर कोणी त्यांना आवरलं नाही, हे यातून दिसतं. तक्रारीचा गाभा हाच ठेवा.

तो मेसेज पुसू नका, फोन विकू नका, बहिणीच्या फोनमधलाही तसाच राहू द्या. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसतात, पण प्रमाणपत्र नाही म्हणून हरकत घ्यायची संधी समोरच्याला कशाला द्यायची? रिसेप्शनची कॉल नोंद, सुरक्षा विभागाची नोंदवही, वैद्यकीय केंद्राची नोंद आणि चित्रण हजर करावं, असा अर्ज तक्रारीसोबतच द्या. चित्रण मिळणार नाही. मात्र नोंदवह्याही आणल्या नाहीत, तर आयोग त्यावरून कंपनीला प्रतिकूल निष्कर्ष काढू शकतो.

खुर्च्यांवरचे टॉवेल, बुफेची रांग, स्विमिंग पूलमधला दंगा, लिफ्टमधले शेरे हे सगळं तक्रारीतून काढून टाका. त्रास झाला हे मला मान्य आहे. सुट्टीचे पैसे साठवून आईला पहिल्यांदा समुद्रावर नेलं आणि ती सुट्टी अशी गेली, याचा सल मोठा असतो. पण आयोगापुढे सोळा कुरबुरी मांडल्या की काच आणि दमा त्या गर्दीत बुडतात आणि तक्रारदार किरकिरा वाटू लागतो. दम्याचा मुद्दाही आईंच्या आधीच्या औषधोपचाराचे कागद असतील तरच घ्या.

२५ लाख विसरा. आयोग कोणता, हे आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, भरलेल्या मोबदल्यावरून ठरतं. ५० लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाकडे, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. म्हणून आकडा फुगवायला कायद्याची आडकाठी नाही, पण फुगवलेल्या आकड्याने बाजू हलकी होते. सहलीच्या पैशांचा वाजवी हिस्सा, डॉक्टरचं बिल, नंतरच्या ड्रेसिंगचा खर्च, मानसिक त्रासाची माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. नेमकं किती मिळेल, हे मी सांगू शकत नाही.

त्या प्रवाशांचं म्हणाल तर ग्राहक आयोगात त्यांना ओढता येत नाही, ते तुम्हाला सेवा देणारे नव्हते. निष्काळजीपणाने दुखापत केल्याची फौजदारी बाजू होती. मुंबई बंदराशी संबंधित अशा तक्रारी यलो गेट पोलीस ठाण्यात जातात, आणि उतरल्या दिवशी ते तुमच्यापासून फार लांब नव्हतं. पण एवढ्या कमी शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला साधारण एक वर्षाची मुदत असते. ती गेली. विलंब माफ होऊ शकतो, परंतु नावही माहीत नसलेल्या माणसासाठी त्यामागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही.

तक्रार ठाणे जिल्हा आयोगात करा. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करायची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे. अटींमध्ये दुसऱ्या शहराच्या न्यायालयाचं नाव असलं, तरी त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होतं असं मी मानत नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, म्हणून कंपनी आणि एजंट दोघांनाही घाला, आणि नाव जाहिरातीवरचं घालू नका. जीएसटी बिलावर ज्या संस्थेचं नाव आहे तेच घाला. चुकीच्या नावावर गेलेली नोटीस परत येते आणि दुरुस्तीत सहा महिने जातात. आधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे असं नाही. तुमच्या उरलेल्या दिवसांत तर नकोच.

कायदा सांगतो की सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. तसं होत नाही. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, कोरम नसतो, तारखेला जावं आणि पुढची तारीख घेऊन यावं. ग्राहकांसाठी मुद्दाम केलेल्या व्यवस्थेत हे चालावं, याचा मला मनापासून राग येतो. एक मात्र लक्षात ठेवा : लेखी उत्तर द्यायला सामनेवाल्याला ३० दिवस आणि वाढवून आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. ४६ व्या दिवशी उत्तर आलं, तर हरकत घ्यायला विसरू नका.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि तिथून क्रूझला जातात, त्या वाचकांसाठी दोन वाक्यं. तिथल्या तिकिटांत बहुधा दुखापतीबद्दल सहा महिन्यांत लेखी सूचना आणि एका वर्षात दावा अशी अट असते, आणि तिथला कायदा एवढी छोटी मुदत चालवून घेतो. दावा कुठे करायचा हेही तिकीटच ठरवतं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याने कार्निव्हल कंपनीविरुद्ध केलेल्या प्रकरणात, ‘दावा फ्लोरिडातच’ ही तिकिटावरची अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कायम ठेवली.

राहिलं कूपन. ते स्वीकारण्याच्या बटणाखाली बारीक अक्षरांत ‘सर्व दावे पूर्णपणे मिटले’ अशा अर्थाची ओळ आहे. ते दाबू नका, पत्नीलाही सांगा. मेलला उत्तर द्यायचंच असेल तर एवढंच लिहा : ‘प्रस्ताव मान्य नाही. आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत.’ आणि तक्रारीला क्रमांक पडेपर्यंत त्यांच्या कोणाशीही फोनवर तडजोडीची बोलणी करू नका. त्यात हा महिना निघून जाईल.