बाथरूमच्या टाइल्ससाठी कर्ज काढावे का?

प्रश्न: डोंबिवलीतील २२ वर्षे जुन्या इमारतीत राहणाऱ्या एका वाचकांना चार फूट बाय सात फुटांचे बाथरूम नव्याने करून घ्यायचे आहे. त्यासाठी त्यांनी ८५,००० रुपये बचत खात्यात बाजूला ठेवले आहेत. एका कंत्राटदाराने साध्या टाइल्स व सिमेंट ग्राउट (टाइल्समधील सांधे भरण्याचा मसाला) धरून तेवढ्याच रकमेचे अंदाजपत्रक दिले आहे, तर दुसऱ्याने मोठ्या चकचकीत टाइल्स व इपॉक्सी (रेझिनचे) ग्राउट धरून १,४५,००० रुपयांचे. घरखर्च दरमहा ३८,००० रुपये, महिन्याला उरणारी शिल्लक १२,००० रुपये आणि मुदत ठेव २,३०,००० रुपये आहे. वरचे ६०,००० रुपये वर्षभराच्या वैयक्तिक कर्जातून, १४ टक्के व्याजाने, उभे करावेत की ठेव मोडावी?

उत्तर: माझ्या मते दोन्ही करू नये. आपली ठेव जेमतेम सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे. ती आजारपणासाठी आणि नोकरीतील अडचणीसाठी आहे, बाथरूमसाठी नाही. कर्ज घेतल्यास वर्षभरात साधारण ४,६५० रुपये व्याज जाईल आणि प्रक्रिया शुल्क वेगळे. घरदुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची वजावट आपण गृहीत धरली आहे. परंतु स्वतः राहत्या घरासाठी ती जुन्या करप्रणालीतच आणि वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. आपल्या बाबतीत ती रक्कम इतकी किरकोळ आहे की तिच्यासाठी निर्णय बदलू नये.

आता अंदाजपत्रकांकडे वळू. ६०,००० रुपयांच्या फरकातील ३४,००० रुपये भिंतीवर टांगायच्या कमोडचे आणि काचेच्या पार्टिशनचे आहेत. ती हौस आहे. हौसेला हरकत नाही, पण ती कर्जाच्या पैशाने करू नये. १९,००० रुपये टाइल्स व त्या बसवण्याच्या मजुरीचे आणि उरलेले ७,००० रुपये ग्राउटचे आहेत. या तिन्हींतील शेवटची, सर्वांत लहान रक्कमच मला खर्च करण्याजोगी वाटते.

मोठ्या, म्हणजे दोन बाय चार फुटांच्या टाइल्स सात फूट उंचीच्या डॅडोवर (भिंतीच्या टाइल्स लावायच्या भागावर) उभ्या बसवल्या, तर प्रत्येक दुसऱ्या टाइलचा एक फुटाचा तुकडा कापून टाकावा लागतो. बाथरूमचा घेर २२ फूट असल्याने दरवाजा वजा केला तरी सुमारे २० चौरस फूट माल वाया जातो, आणि ११० रुपयांच्या दराने तो २,२०० रुपयांचा होतो. एक बाय दोनच्या टाइल्स आडव्या लावल्या, तर सात ओळींत डॅडो पूर्ण होतो. भिंतीसाठी व्हिट्रिफाइड (अधिक घट्ट व कठीण) टाइलची गरजही नाही, कारण तिथे कोणी चालत नाही. साधी ग्लेझ्ड सिरॅमिक टाइल पुरते. मात्र ती जमिनीवर लावू देऊ नये. जमिनीसाठी एक बाय एकची मॅट, अँटी-स्किड टाइल घ्यावी. लहान टाइल्समुळे नहाणी ट्रॅपकडे (पाणी निचऱ्याच्या जाळीकडे) उतार नीट काढता येतो आणि सांधे जास्त असल्याने ओल्या पायाला पकडही मिळते. एकाच बॅचचा एखादा बॉक्स जास्तीचा घेऊन ठेवावा, कारण पुढे तीच छटा मिळेलच असे नाही.

सिमेंट ग्राउट पाणी शोषते, काळे पडते, आणि क्षारांचे डाग काढण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ॲसिड तर ते हळूहळू खाऊनच टाकते. इपॉक्सी ग्राउट पाणी शोषत नाही आणि अशा ॲसिडलाही बऱ्यापैकी टिकते. आपल्या बाथरूमला तीन मिलिमीटरच्या सांध्यांसाठी सुमारे चार किलो ग्राउट लागेल, म्हणजे पाच किलोचा एक पॅक पुरेल. खरा खर्च मजुरीचा आहे, कारण इपॉक्सी घट्ट होण्यापूर्वीच टाइलवरून पुसून काढावे लागते, आणि ते ज्याच्या हातचे काम नाही अशा मिस्त्रीने केल्यास टाइलवर कायमचा पातळ थर राहतो. म्हणून त्याने पूर्वी केलेले एखादे काम पाहूनच होकार द्यावा. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन सीलंट भरायला सांगावे. तिथे होणारी सूक्ष्म हालचाल ताठ ग्राउटला सोसत नाही.

मला अधिक खटकले ते हे की दोन्ही अंदाजपत्रकांत वॉटरप्रूफिंगचे कलमच नाही. इतक्या जुन्या बाथरूमची फरशी फोडली की खालचा पाणी अडवणारा थर दुखावतोच, आणि ग्राउट कितीही महागाचे असले तरी ते त्या थराची जागा घेऊ शकत नाही. गळती सुरू झाली तर नव्या टाइल्स पुन्हा फोडाव्या लागतील; शिवाय गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतील शौचालय-सिंक यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा दुरुस्तीखर्च संबंधित सभासदाचा असतो. या कामासाठी १२,००० रुपये धरावेत.

म्हणजे साध्या अंदाजपत्रकाचे ८५,०००, वॉटरप्रूफिंगचे १२,००० आणि इपॉक्सीचे ७,००० मिळून १,०४,००० रुपये होतात. कमी पडणारे १९,००० रुपये दोन महिन्यांच्या शिल्लकीतून उभे राहतात; तेवढे दिवस काम पुढे ढकलावे. टाइल्सची खरेदी आपण स्वतः पक्क्या बिलावर करावी आणि कंत्राटदाराला मजुरी टप्प्याटप्प्याने द्यावी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्यापूर्वी, नहाणी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवावे, खालच्या शेजाऱ्यांचे छत त्यांच्या समक्ष पाहावे आणि त्यानंतरच पुढचा हप्ता द्यावा.