रजाचिठ्ठीपासून बीयूपर्यंत: मांजलपूरच्या घराबाबत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बडोद्यातल्या मांजलपूरला सासऱ्यांनी घेतलेला दीडशे चौरस मीटरचा प्लॉट आहे, त्यावरचे जुने बैठे घर पाडून तळमजला अधिक दोन मजले बांधायचे आहेत, नकाशा मंजुरीसाठी दाखल झाला आहे आणि ठेकेदार सांगतो की रजाचिठ्ठी, म्हणजे पालिकेची बांधकामाची परवानगी, हातात आली की पालिकेचे काम संपले, बीयूचे, म्हणजे इमारत वापरण्याच्या परवानगीचे, मागाहून पाहू. तपासणीला नक्की कोण येते, केव्हा येते आणि घरमालकाने त्यासाठी काय तयारी ठेवायची, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. बडोद्यात मी जवळजवळ तीस वर्षे साइटवर देखरेखीचे काम केले, त्यांतली शेवटची बरीच वर्षे नोंदणीकृत क्लार्क ऑफ वर्क्स म्हणून. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या ठेकेदाराने क्रम उलटा धरला आहे. बीयूला जे कागद लागतात ते पाया खणल्याच्या दिवसापासून तयार होत जातात, आणि ज्या कामावर एकदा काँक्रीट पडले त्याचा दाखला मागाहून खरेपणाने कोणी देऊ शकत नाही.

आधी कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. आपल्याकडे परवानगी दोन कायद्यांखाली दिली जाते: 1976 चा गुजरात नगररचना व नागरी विकास अधिनियम आणि 1949 चा महानगरपालिका अधिनियम. हा दुसरा कायदा मूळचा मुंबई प्रांताचा असून राज्ये वेगळी झाल्यावर दोन्हीकडे राहिला. त्यामुळे पुण्या-नाशिकचे नातेवाईक ज्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात तेच आपले बीयू, आणि कलमही तेच, 263. काम पुरे झाल्यापासून एका महिन्याच्या आत पूर्णत्वाची सूचना द्यावी आणि वापराची परवानगी मिळेपर्यंत इमारतीत राहायला जाऊ नये, असे ते कलम सांगते. प्रत्यक्ष मोजमापांचे नियम 2017 पासून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. रजाचिठ्ठीने बांधण्याची मुभा मिळते आणि बीयूने राहण्याची. एक असल्याने दुसरी आपोआप मिळत नाही. रजाचिठ्ठीला मुदतही असते. एका वर्षाच्या आत काम सुरू झाले नाही तर ती वाढवून घ्यावी लागते, म्हणून घर रिकामे करण्याचा बेत लांबणार असेल तर पैसे भरण्याची घाई करू नये.

आता तपासणी कोण करते, याकडे वळतो. पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की पालिकेचा इन्स्पेक्टर प्रत्येक स्लॅबला येऊन सळया मोजून जातो. तसे होत नाही. आपल्या नियमावलीने ही जबाबदारी प्रामुख्याने नोंदणीकृत व्यक्तींवर टाकली आहे: आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर ऑन रेकॉर्ड (म्हणजे पालिकेच्या दप्तरी या कामासाठी नाव असलेला), स्ट्रक्चरल इंजिनिअर ऑन रेकॉर्ड आणि साइटवर देखरेख करणारा क्लार्क ऑफ वर्क्स. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत खांबांवर उभ्या, खाली पार्किंग मोकळे सोडलेल्या इमारती बसल्या, त्यानंतर या जबाबदाऱ्यांना खरी धार आली. प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, काम आले की, पहिला मजला झाला की आणि शेवटचा मजला झाला की या मंडळींच्या सहीने प्रगतीचा दाखला दाखल करावा लागतो. तळघर असेल तर त्याचा स्लॅब भरण्याआधीही. पालिकेचे लोक त्या दाखल्यावरून येतात आणि मुख्यतः बाहेरची मापे, मार्जिन (हद्दीपासून सोडलेली मोकळी जागा), उंची व वापर पाहतात. सळईची तपासणी ही तुमच्या इंजिनिअरची जबाबदारी आहे आणि त्यासाठी तुम्ही त्याला फी देत आहात, हे विसरू नये. सही नकाशावर एकाची आणि साइटवर दुसराच कोणी, असा प्रकार आपल्या शहरात नवा नाही, म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे की फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालचा पाया भरण्याच्या, दिवशी आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः येणार की नाही. यांपैकी कोणी मधेच काम सोडले तर त्याच्या जागी दुसरा नेमून पालिकेला कळवेपर्यंत बांधकाम थांबवावे लागते. ठेकेदार हे कधीच सांगत नाही.

पाडकामाआधी करायची एक गोष्ट म्हणजे हद्दीची खूण. तुमची जमीन टीपी, म्हणजे नगररचना, योजनेत असेल तर खरेदीखतातला सर्व्हे नंबर पुरत नाही. फायनल प्लॉटचे, म्हणजे योजनेत नव्याने आखून दिलेल्या प्लॉटचे, क्षेत्र आणि आकार एफ फॉर्म (योजनेतला प्लॉटच्या नोंदीचा तक्ता) व पार्ट प्लॅन (त्या भागाचा नकाशा) यांवरून पाहावा लागतो, आणि नकाशातली प्रत्येक मोकळी जागा त्या हद्दीपासून मोजलेली असते. हे मी का ठासून सांगतो, त्याला एक प्रसंग कारण आहे. माझ्याच देखरेखीखालच्या एका बंगल्यात मागची मोकळी जागा नकाशात दोन मीटर होती. ठेकेदाराच्या माणसाने सुतळी बांधताना टेप शेजाऱ्याच्या बाजूने, म्हणजे जुन्या कंपाउंड भिंतीच्या पलीकडच्या प्लास्टरपासून धरला, कारण अलीकडे तुळशीचे वृंदावन आणि भंगार पडले होते. ती नऊ इंची भिंत मात्र पूर्णपणे शेजाऱ्याच्या हद्दीत उभी होती. प्लिंथच्या तपासणीत हद्दीपासून टेप लावला तेव्हा 1.77 मीटर भरले, बरोबर भिंतीच्या जाडीइतके कमी. त्या 23 सेंटिमीटरसाठी मागच्या ओळीचे तीन कॉलम फोडून पुन्हा फुटिंगपासून घ्यावे लागले. चूक माझीही होती, कारण आखणीच्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होतो. तेव्हापासून आखणीच्या दिवशी मी चारही कोपऱ्यांना सिमेंटमध्ये खुंट्या पुरून घेतो आणि कर्णही मोजतो. दोन्ही कर्ण मिळाले नाहीत तर पुढचे काम होत नाही.

पायाबद्दल थोडे. आपल्या भागात काळी माती जिथे आहे तिथे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे शेजाऱ्याचा पाया पाच फुटांवर आहे म्हणून आपलाही तेवढाच, हा हिशेब चालत नाही. मातीची तपासणी करून घ्यावी आणि खड्डा खणल्यावर तळ पाहण्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. जुन्या घराच्या जागी हमखास जुना शोषखड्डा किंवा भरावाची विहीर निघते, आणि ती कॉलमच्या नेमकी खाली असली तर तो निर्णय ठेकेदाराने घ्यायचा नसतो. प्लिंथची उंची राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे भोवतालच्या जमिनीपासून किमान 45 सेंटिमीटर असावी लागते, पण बडोद्यात तेवढ्यावर थांबणे मला पटत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर चढली तेव्हा कोणाच्या घरात कुठपर्यंत पाणी आले, हे तुमच्या गल्लीत अजून भिंतीवर दिसत असेल. ती रेघ पाहून आर्किटेक्टशी बोलावे. मात्र उंची वाढवायची तर ती नकाशातच वाढवावी, कारण प्लिंथ वर गेली की इमारतीची एकूण उंची आणि पायऱ्यांची जागा बदलते.

आता सळईकडे येतो, कारण नंतर न दिसणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. बडोदा भूकंपाच्या तिसऱ्या विभागात धरलेले आहे. त्यामुळे कॉलमच्या रिंगांची टोके 135 अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात वळलेली हवीत. काटकोनात वळवून वरच ठेवलेली रिंग हादऱ्यात उघडते आणि मग उभ्या सळया बाहेर फुगतात. रिंगा बीमच्या सांध्याजवळ दाट आणि मधल्या भागात विरळ असतात. सांध्याच्या आत मात्र त्या घालायला त्रास होतो म्हणून कारागीर त्या गाळतो, आणि नेमके तेच पाहायचे असते. पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवणार असाल तर तेथील कॉलमचा हिशेब वेगळा होतो, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे.

स्लॅबच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वर चढून तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली, सळईखाली कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. स्लॅबला किमान 20 मिलिमीटर, कॉलमला 40 आणि फुटिंगला 50 मिलिमीटर कव्हर लागते, आणि त्यासाठी तयार कव्हर ब्लॉक येतात. फुटक्या लादीचे तुकडे किंवा खडी ठेवलेली दिसली तर काम थांबवावे. दुसरी, बाल्कनीची सळई. बाल्कनी भिंतीबाहेर लोंबत असल्यामुळे तिचा ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते आणि तिला खालून सळईच्या खुर्च्यांचा आधार द्यावा लागतो. पहाटे मजूर घमेली घेऊन त्याच वाटेने जा-ये करतात, आणि सातच्या सुमारास ती सळई चालून चालून खाली सेंटरिंगला, म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याला, टेकलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. अशी बाल्कनी तेव्हा पडत नाही. टेके काढल्यावर किंवा पुढे काही वर्षांनी मुळाशी तडकते. चालण्यासाठी फळ्या टाकायला सांगणे हा एवढाच उपाय आहे, आणि तो दर वेळी सांगावा लागतो. तिसरी गोष्ट पाइपांची: वायरिंगच्या पाइपांचा जुडगा कॉलमजवळ एकत्र आणून बीममधून खाली सोडतात, आणि तिथे काँक्रीटला जागाच उरत नाही.

स्लॅबच्या दिवशी पाणी किती घालतात यावर लक्ष ठेवावे. मिक्सरवरच्या माणसाला पातळ माल हवा असतो, कारण तो लवकर पसरतो, आणि मजबुती तिथेच जाते. क्यूब, म्हणजे मजबुती तपासण्यासाठी त्याच काँक्रीटचे ठोकळे, भरून घ्यावेत. तुमचा एक स्लॅब बीमसह अंदाजे 14-15 घनमीटरचा होईल. भारतीय मानक 456 प्रमाणे 6 ते 15 घनमीटरला दोन नमुने लागतात आणि एका नमुन्यात तीन क्यूब, म्हणजे सहा क्यूब. त्यांवर तारीख व मजला कोरून ठेवावा आणि 28 दिवसांचा अहवाल बीयूच्या फाइलमध्ये लावावा. टेके काढण्याची घाई नसावी. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, आणि बीमला सहा मीटरपर्यंत चौदा दिवस असे ते मानक सांगते. पीपीसी (राख मिसळलेले पोर्टलंड सिमेंट) वापरत असाल तर इंजिनिअरला विचारून हा काळ वाढवावा आणि पाणीही सातऐवजी किमान दहा दिवस मारावे. ठेकेदाराला सेंटरिंगचे सामान दुसऱ्या साइटवर न्यायचे असते, म्हणून हे दिवस करारात लिहून घ्यावेत. देखरेख नसलेल्या कामाचे काय होते हे आपल्या शहराला कोणी सांगायला नको. 28 ऑगस्ट 2013 च्या पहाटे अटलादऱ्याला तीन मजली इमारती कोसळल्या आणि झोपेतली माणसे गेली.

नकाशाबाहेर जाण्याचा मोह बहुधा तिसऱ्या महिन्यात होतो. जिन्याखालची जागा बंद करून खोली काढू, मागे छज्जा थोडा पुढे घेऊ, पार्किंगला शटर लावून दुकानाएवढी जागा करू, धाब्यावर एक खोली चढवू, असे कोणीतरी सुचवते. यांतले जे नियमात बसते ते सुधारित नकाशा दाखल करून आधी मंजूर करून घ्यावे आणि मग बांधावे. जे बसत नाही ते बांधले तर कलम 260 ची नोटीस येऊ शकते, आणि तोवर आलेला खर्च तुमचाच असतो. नंतर सरकार नियमित करते, हा युक्तिवाद तुमच्या बाबतीत चालणार नाही: 2022 चा नियमितीकरणाचा कायदा 1 ऑक्टोबर 2022 च्या आधीच्या बांधकामांपुरता होता. वेरा, म्हणजे घरपट्टी, भरल्याची पावती आहे म्हणून बांधकाम कायदेशीर झाले, असेही होत नाही. कर आकारणी आणि परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत.

बीयूच्या अर्जाबरोबर पूर्णत्वाची सूचना, आर्किटेक्ट-इंजिनिअरांचे दाखले, आधीचे प्रगतीचे दाखले आणि प्रत्यक्ष बांधकामाचा नकाशा जातो. कलम 263 मध्ये 21 दिवसांत नकार कळवला नाही तर वापर करता येईल अशी तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर वास्तुशांतीचा मुहूर्त काढू नये. पुढे घर विकताना किंवा कर्ज घेताना बँक कागद मागते, दिवसांची मोजणी मागत नाही. राजकोटच्या गेम झोनमधल्या 25 मे 2024 च्या आगीनंतर राज्यभर बीयू आणि अग्निशमनाचे कागद तपासले गेले व बडोद्यातही जागांना सील लागले, त्यांत कितीजण बीयू मागाहून पाहू म्हणणारे होते हे तेव्हा दिसले.

मंजूर नकाशाची प्रत आणि रजाचिठ्ठी साइटवर ठेवणे बंधनकारक आहे. ती प्लास्टिकमध्ये घालून सिमेंटच्या खोलीत टांगावी आणि फुटिंग, प्लिंथ, प्रत्येक स्लॅब अशा टप्प्यांवर तारखेसह फोटो काढावेत, ज्यात टेप सळईवर ठेवलेला दिसेल. ठेकेदाराशी करार अजून झाला नसेल तर त्यात एक ओळ जरूर घालावी: एकूण रकमेपैकी शेवटचे पाच ते दहा टक्के बीयू हातात आल्यावर द्यायचे. हे वाचून त्याचा चेहरा पडला तर दुसऱ्या ठेकेदाराकडून दर मागवायला अजून वेळ आहे.