गंगाजळी किती असावी?

प्रश्न : इंदूरमध्ये आमची गरजू विद्यार्थ्यांना शुल्क व पुस्तके देणारी छोटी मराठी संस्था आहे. वार्षिक खर्च ३ लाख, मुदत ठेवी ९ लाख. काही सभासद पैसा वाटून टाका म्हणतात, तर जुने विश्वस्त ठेवींना हात लावू देत नाहीत. बरोबर कोण?
— एक चिटणीस

उत्तर : ९ लाख हा आकडा एकगठ्ठा पाहिल्यामुळेच हा वाद पेटला आहे, प्रथम त्याची फोड करावी. ज्या देणगीसोबत ती कायम निधीत जमा करावी असे देणगीदाराने लेखी कळवले असेल, तिचे केवळ व्याज खर्चावे. उरलेली रक्कम म्हणजे वर्षानुवर्षांच्या शिलकेतून साठलेली गंगाजळी, आणि वाद खरा तिच्यापुरताच आहे. (पावतीपुस्तकांच्या जुन्या स्थळप्रती रद्दीत घालू नयेत, त्या यासाठीच.)

समजा, कायम निधी ५ लाख निघाला, तर ४ लाखांची गंगाजळी सोळा महिन्यांच्या खर्चाइतकी होते. शुल्क सत्राच्या आरंभी एकदम भरावे लागते आणि देणग्या बऱ्याचदा मार्चअखेरीस येतात, हे लक्षात घेता एका वर्षाचा खर्च हाताशी असणे मला आवश्यक वाटते. वरचे लाखभर रुपये मात्र विद्यार्थ्यांसाठी खुशाल खर्चावेत.

विश्वस्तांची सावधगिरी रास्त असली, तरी मुद्दल शाबूत आहे हे समाधान कागदोपत्रीच आहे. १९९० च्या दशकात मुदत ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे, म्हणजे ५ लाखांवर ६०,००० रुपये. २०२०-२१ मध्ये साडेपाच टक्क्यांच्या आसपास दराने तेवढ्याच मुद्दलावर जेमतेम २७,५०० रुपये हाती येत, आणि शुल्क तर मधल्या काळात कितीतरी वाढलेले. म्हणून दरवर्षी थोडी रक्कम गंगाजळीत टाकत राहावी. आयकर सवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नातील ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्चावी लागते. १५ टक्के विनाअट राखता येतात. त्याहून अधिक राखायचे असल्यास विशिष्ट प्रयोजनाचा ठराव करून आयकर विभागाला विहित नमुन्यात कळवावे लागते, आणि ती रक्कम पाच वर्षांत त्याच कामी लावावी लागते.

सर्व ठेवी एकाच बँकेत असतील, तर त्या आधी विभागाव्यात. २०२० पासून ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे.