काका, रविवारचा कुकर तुम्ही लावा

मिरजेच्या एका काकांचं पत्र आलंय. वय ६८, बँकेतून रिटायर. पत्र चार पानी आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देते.

"ताई, मला शाळेपासून सस्पेन्स पिक्चरचं वेड. महल, बीस साल बाद, वो कौन थी, गुमनाम, इत्तेफाक, सगळे दहा दहा वेळा बघून झालेत. आपला मराठी पाठलाग आणि त्याच्यावरून काढलेला हिंदी मेरा साया तर तीसच्या वर. हिचकॉकचे इंग्रजी पिक्चर पेनड्राइव्हवर भरून ठेवलेत, करमचंद आणि ब्योमकेश बक्षी या जुन्या डिटेक्टिव्ह मालिका अजून लावतो. पण घरात कुणाला कदर नाही. मुलगा म्हणतो खुनी कोण ते माहितीये तर बघता कशाला. नातवानं परवा मोबाईलवर शेवट शोधून मोठ्यानं वाचून दाखवला, मी टीव्हीच बंद केला. हिला तर यातलं काही आवडतच नाही, गाणं लागलं की कुकर लावायला उठते ती येत नाही, आवाज मात्र कमी करू देत नाही, आणि संपलं की विचारते वाढू का. माझंच काही चुकतंय का? शेवट पाठ असताना माणूस तेच तेच का बघतो? आणि पहिल्यांदा बघताना यायचा तो काटा आता परत कधीच येणार नाही का?"

काका, नातवाचं सोडून द्या. शेवट फोडला ते वाईटच केलं त्यानं, एकदा कान धरा आणि विषय संपवा. मुलगा बघत नसेल तर नसू दे. मी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर अडकलेय आणि ते तुम्ही असं लिहून गेलात की जसं काही बाहेर पाऊस पडतोय. "आवाज मात्र कमी करू देत नाही."

अहो, ज्या बाईला यातलं काही आवडत नाही ती आवाज कमी करू का देत नाही? कुकरच्या शिट्ट्या, वरून फोडणी, एवढ्या आवाजात तिला तुमचा पिक्चर ऐकू यायला हवा असतो, याचा अर्थ तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही लावून बघितला नाहीत? करमचंदची गाजरं आणि किटी तुम्हाला पाठ, ब्योमकेशच्या केसेस पाठ, आणि घरातला एवढा ढळढळीत पुरावा डोळ्यासमोरून गेला. काकू तुमचे पिक्चर बघत नाहीत हे खरं. पण त्या ते ऐकतात, जन्मभर ऐकतायत.

मला हे कळतं कारण माझी आई तशीच. दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी हिंदी पिक्चर लागायचा, आमच्याकडे शेजारची धरून पंधरा-वीस माणसं जमायची, आणि आई गाणं लागलं की आत जायची, गाण्यात कणीक, दुसऱ्या गाण्यात भाजी, असं तिचं गणित. मग एकदा इत्तेफाक लागला. १९६९ चा, यश चोप्रांचा, एका रात्रीची गोष्ट, पळून आलेला राजेश खन्ना आणि घरात एकटी नंदा, आणि त्यात गाणंच नाही एकही! आई बिचारी गाण्याची वाट बघत दारात उभी. परातीत पीठ भिजवलेलं, तसाच हात घेऊन ती बाहेर आलेली, आणि ते पीठ तिच्या बोटांवर वाळून पांढरं खडखडीत झालं, भेगा पडल्या त्याला, तरी ती हलली नाही. भाकरी त्या दिवशी दहाला झाली. बाबा चिडले होते. आणि मला नंतर खूप वर्षांनी कळलं की आईनं शेवटापर्यंत बघितलेला तो एकच पिक्चर, बाकी सगळे तिनं आतूनच ऐकले. आता विचारायला ती नाहीये म्हणून तुमच्यावर जरा जोरात बोलतेय, ते मनावर घ्याच.

आणि ऐकणं म्हणजे काही कमी नाही बरं का. महल १९४९ चा, त्यातलं आयेगा आनेवाला आठवा, रेकॉर्डवर गायिकेचं नाव लता नव्हतंच, कामिनी होतं, पिक्चरमधल्या पात्राचं. लोकांनी नुसता आवाज ऐकला आणि वेडे झाले. तो आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून लताबाई लांबून चालत माईकपर्यंत आल्या होत्या. तुमच्या हिचकॉकला सायकोमधल्या बाथरूमच्या सीनला म्युझिकच नको होतं, संगीतकार हर्मननं व्हायोलिनं ऐकवली तेव्हा पटलं त्याला. आज त्या सीनमधली व्हायोलिनंच आधी आठवतात. म्हणजे अर्धा सस्पेन्स कानातच असतो, आणि तो अर्धा काकूंकडे आहे. राहिलेला अर्धा तुम्ही एकट्यानं खुर्चीत बसून संपवलात.

तुम्ही विचारलंत शेवट माहीत असताना का बघतो. त्यात काही बिघाड नाही. तुम्हीच भक्त आहात हिचकॉकचे, त्यानं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलेली टेबलाखालच्या बॉम्बची गोष्ट तुम्हाला मी काय सांगायची. दोन माणसं गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला तर प्रेक्षक दचकतो, पंधरा सेकंद. पण बॉम्ब खाली आहे हे प्रेक्षकाला माहिती आहे आणि त्या दोघांना नाही, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. माहीत असणाऱ्यालाच जास्त घाम फुटतो. फक्त एक आहे काका, त्याच्यासाठी समोर कुणीतरी असं लागतं ज्याला माहीत नाही. तुमच्या घरात मुलाला माहितीये, नातवानं तर वाचूनच दाखवला. राहिलं कोण? मी पैज लावून सांगते, पाठलागचा शेवट काकूंनी अजून बघितलेला नाही. त्या तेव्हा ताटं घेत असतात.

आणि पाठलागच! मला तर वाचूनच कसंतरी झालं. राजा परांजप्यांचा, १९६४ चा, घाणेकर आणि भावना. मग १९६६ ला राज खोसलांनी सुनील दत्त, साधनाला घेऊन मेरा साया केला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सुरुवातीचं तेवढंच सांगते. एका वकिलाची बायको वारलीय, आणि एक बाई पकडली जाते, ती म्हणते मीच तुमची बायको. मग कोर्टात तो तिची उलटतपासणी घेतो आणि ती नवराबायकोलाच माहीत असतील अशा गोष्टी एकेक सांगत जाते. म्हणजे अख्खा पिक्चर कशावर उभा आहे, तर नवऱ्याला आपली बायको किती ओळखता येते यावर. आणि हा तुम्ही तीसच्या वर वेळा बघितलात, भिंतीपलीकडे काकूंना ठेवून.

तर येत्या रविवारी दुपारी चारला पाठलाग लावायचा. मेरा साया नाही, पाठलागच. त्याच्या आधी तीनला खिचडीचा कुकर तुम्ही लावायचा, हो, तुम्ही, दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, येत नसेल तर सकाळीच शिकून घ्या, पण त्यांना फक्त विचारून, त्यांच्याकडून करून घेऊन नाही. तुमच्या खुर्चीत त्यांना बसवा. १९६० मध्ये सायको लागला तेव्हा हिचकॉकनं नियमच केला होता, पिक्चर सुरू झाल्यावर कुणालाही आत घ्यायचं नाही, थिएटरांवर तशा पाट्या लागल्या होत्या. तुम्ही तोच नियम उलटा करा, सुरू झाल्यावर काकूंनी उठायचं नाही. बेल वाजली तर तुम्ही उठा, दूधवाला आला तर तुम्ही उठा. त्या म्हणतील मला नाही बाई आवडत, जा तुम्हीच बघा. ऐकू नका, इतक्या वर्षांची सवय आहे ती. आणि मधे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हे बघ आता, हा माणूस लक्षात ठेव, यातलं काहीही नाही. 'या डोळ्यांची दोन पाखरे' लागलं की त्यांचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतील, तेव्हा हात धरून खाली बसवा.

शेवटची वीस मिनिटं तुम्ही टीव्हीकडे बघू नका, तिकडचं सगळं तुम्हाला पाठ आहे. काकूंकडे बघा.

आणि एक काम त्याच्याही आधी, टायटल लागायच्या आधी करायचं, नंतर विचारलंत तर त्या लाजून सांगणार नाहीत. त्यांना विचारा, इतकी वर्षं आतून ऐकून तुम्ही याचा शेवट काय धरला होता? ती बाई खरी की खोटी? शांतपणे ऐकून घ्या, बरोबर की चूक ते सांगू नका, हसू तर अजिबात नका. पाठलागचा तो शेवट तुम्हीही अजून ऐकलेला नाहीये.